शेवटी हात कुणी लावला?

भातकापणीचे दिवस आले की मला राग येतो. पुण्यातले माझे मित्र पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढताना गाडी बाजूला घेतात, खालच्या पिवळ्या पडलेल्या वाफ्यांचे फोटो काढतात आणि मला पाठवतात. "तुझं गाव! सोनं रे, नुसतं सोनं!" मी फोनवर अंगठ्याचं चिन्ह पाठवतो आणि गप्प बसतो. त्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं की माझ्या कानशिलात ठणका सुरू होतो, हे त्यांना काय सांगू? ओल्या पेंढ्याचा गोडूस वास नाकात शिरला की मला एका मीटिंगमधला माझाच आवाज ऐकू येतो. मऊ, सभ्य, काळजीनं भरलेला आवाज. त्याच्या मुस्काटात मारावी असं वाटतं.

यंदाही गावी, कापड्याला आलोय. दरवर्षी येतो. सकाळी दव असतं तोवर कोयत्या चालत नाहीत, ऊन चढलं की चालतात, आणि दुपारनंतर खळ्यावरून झोडणीचा धप, धप असा आवाज येत राहतो. लाकडी फळीवर भारा आपटायचा, दाणे खाली, पेंढा मागे. हातांना भाताची बारीक कूस लागते, मानेवर घामात ती चिकटते, आणि अंघोळ केली तरी अंथरुणात टोचत राहते. मला वाटतं, शरीराला जे लक्षात ठेवायचं असतं ते ते कातडीत ठेवतं.

मी कर्नलवर काम करतो. वाडीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा चुलतभाऊ बाळादादा म्हणाला, "म्हंजे मिल्ट्रीत?" आणि पुढे कितीतरी दिवस लोक मला सीमेवरच्या गोष्टी विचारत होते. हा तो कर्नल नव्हे. कुठल्याही संगणकात, फोनमध्ये, वर दिसणाऱ्या सगळ्याच्या खाली एक गाभा असतो. मेमरी कुणाला किती द्यायची, कुणाकडून परत घ्यायची, एकाच वेळी चार कामं दाराशी आली तर कुणी थांबायचं, हे तो ठरवतो. नीट चालला तर त्याचं नाव कुणी घेत नाही. अडखळला तर वरचं सगळं जागच्या जागी गोठतं. चूक सांगत नाही, बंदही पडत नाही. डोळे उघडे ठेवून मेल्यासारखं.

यातल्या सगळ्यांत छळणाऱ्या चुका दोन हात एकाच वस्तूला एकाच वेळी लागल्यानं होतात. आमच्या वाडीचं खळं सामायिक आहे. तेवढी सपाट जागा दुसरीकडे नाही. ज्याची झोडणी चालू असेल तो खळ्याच्या कडेच्या खांबाला आंब्याचा टाळ, पानांची डहाळी, बांधतो. टाळ दिसतो तोवर दुसऱ्यानं भारा आणायचा नाही. रास उचलायची, पेंढा हलवायचा, खळं झाडायचं आणि मग टाळ सोडायचा. या क्रमावर सगळा गाव चालतो. एकदा बाळादादानं रास तशीच असताना टाळ सोडला, कारण त्याला महाडची गाडी पकडायची होती. मागून शेजाऱ्यांनी भारे टाकून झोडायला घेतलं. त्यांचं रत्ना जातीचं भात आमच्या जया जातीत मिसळलं. बाळादादाची बायको, आमची वहिनी, कमरेवर हात ठेवून उभी. "आता बसा निवडत शिमग्यापत्तूर! याचं एक नाय, त्याचं एक नाय, नि बियान्याला काय, माझं डोस्कं पेरू?"

मेमरीचं तसंच असतं. एका कामाला मेमरीचा एक तुकडा मिळतो, तो वापरून झाला की परत करायचा. पण दुसरं एखादं काम त्याच तुकड्याकडे अजून बघत असेल आणि पहिल्यानं तो घाईनं परत केला, तर? कर्नल तो लगेच तिसऱ्याला देऊन टाकतो. मग दुसरा जुन्या पत्त्यावर जाऊन हाक मारतो आणि भलताच कुणीतरी ओ देतो. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, कारण वेळ जुळत नाही. लाखात कधी जुळते. ती जुळते तेव्हा तुम्ही समोर नसता.

माझी कंपनी पुण्याची. नदीकाठच्या गावांसाठी आम्ही एक पेटी बनवायचो. पाण्यात एक सेन्सर, काठावर खांब, खांबावर पेटी आणि वर भोंगा. पाणी खुणेच्या वर चढलं की भोंगा वाजणार. त्या पेटीच्या कर्नलमधला सेन्सर सांभाळणारा भाग मी लिहिला. एक काम पाण्याची उंची मेमरीत लिहून ठेवायचं, दुसरं ती वाचून भोंगा वाजवायचा की नाही ते ठरवायचं. सेन्सरची वायर हलून संपर्क तुटला आणि पुन्हा जुळला, की जुना तुकडा परत करून नवा घ्यायचा. साधी गोष्ट. मला तिचा अभिमान होता.

चाचणीच्या टेबलावर पेटी क्वचित गोठायची. आठवडा आठवडा काही नाही, आणि एखाद्या सकाळी येऊन बघावं तर गोठलेली. काय होतंय ते कळावं म्हणून मी जुना तुकडा परत करण्याच्या जरा आधी एक ओळ घातली, "जुना तुकडा परत करतोय" असा संदेश छापणारी. आणि पेटी गोठायची थांबली.

या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो इथे हसेल. कडवट हसेल, कारण प्रत्येकानं हे केलेलं असतं. छापणं हे हळू काम असतं. तेवढ्या विलंबात दुसऱ्याचं वाचन उरकत होतं, म्हणून टक्कर होत नव्हती. ओळीनं दुखणं बरं केलं नव्हतं, फक्त लपवलं होतं. हे मला कळत होतं. पूर्ण कळत होतं. पण पेट्या पावसाआधी खांबांवर चढायच्या होत्या, वरचे लोक रोज विचारत होते, आणि पेटी तर चालत होती. मी ती ओळ तशीच ठेवली. बदलाच्या वर्णनात लिहिलं, "संदेश छापण्याची सोय." सोय! या शब्दाची मला आजही किळस येते.

जरा विचार करा, मी काय बनवून ठेवलं होतं. वायर कधी हलते? शांत पाण्यात नाही. ओढ लागते, ओंडके येतात, खांब थरथरतो तेव्हा. म्हणजे नेमका पूर आला की गोठेल अशी पूर सांगणारी पेटी. तिचं गोठणं त्या एका ओळीनं बोट लावून थोपवलं होतं, बस.

स्नेहल आमच्याकडे नंतर आली. भोरची मुलगी, हुशार, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचणारी. लोक दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचत नाहीत, चाळतात. ती बोट ठेवून वाचायची. तिला दिसलं की वायर हलली की हीच ओळ शेकडो वेळा छापली जाते, नोंदींची सगळी जागा खाते, आणि कामाच्या नोंदी पुसल्या जातात. तिनं ती काढली. बरोबरच केलं. रीतीप्रमाणे तो बदल मंजुरीसाठी माझ्याकडे आला. ती काढलेली ओळ लाल रंगात समोर दिसली. थांब म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मी लिहिलं, "ठीक आहे."

श्रावणात सावित्री नदीला पाणी आलं.

तुडीलला माझी बहीण राहते. मोठी, मी तिला ताई म्हणतो. तिच्या घराच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमच्याच कंपनीची पेटी आहे. ती बसवली तेव्हा मी गावभर मिरवलो होतो. पूर ओसरल्यावर मी तिच्याकडे गेलो तेव्हा भिंतींवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती आणि अंगणात ओल्या गोधड्या. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"भोंगा मुका रायला रे सुरेश. दुपारची जेवून जरा आडवी झाले होते. वरच्या आळीतली गाय हंबरली म्हनून उठले, तं पानी वट्यावर. म्हातारीला पाठीवर टाकून टेकाडावर नेलंन यांनी. पाडी गोठ्यात बांधलेली. दावं सोडायला गेले तं गळ्यापत्तूर पानी. माघारी आले."

पाडी म्हणजे तिची वर्षाची वासरी. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि ताई तिला हातानं पेज पाजायची.

मी विचारलं, "भोंग्याचं काय झालं ते कळलं?"

"कंपनीचा मानूस आलेला पंचायतीत. बोल्ला, पुन्यात कोन एक पोरगी हाय, नवी हाय, तिनं कायतरी पुसलंन म्हनून बंद पडला." भाकरी तव्यावर आपटली. "असल्या पोरींना कशाला ठेवतात रे? माझी पाडी खाल्लीन तिनं. झडो तिचा हात." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "भाकरी घे ना आजून. सुकट काय तशीच टाकतोस?"

मी भाकरी घेतली. सुकट खाल्ली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानं आलं असं तिला वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

चौकशीची मीटिंग कापणीत झाली. मी रजेवर नव्हतो, कापड्यातून काम करत होतो. आमच्याकडे नेटवर्क येतं ते खळ्याच्या कडेच्या जांभळीखाली, आणि तेही एका दगडावर बसलं तर. पडद्यावर मॅनेजर, आणखी वरचे दोघे आणि स्नेहल. मॅनेजरनं एक साधन उघडून दाखवलं. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर, तिला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव देणारं हे साधन असतं. जगभर वापरतात. त्या साधनाचं नावच दोषारोप असं आहे, आणि इतकी वर्षं ते वापरताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ओळ काढताना तिनं शेजारच्या ओळीही जुळवून घेतल्या होत्या, म्हणून त्या जागेसमोर तिचं नाव होतं. मॅनेजर म्हणाला, "सुरेशनं विश्वासानं मंजूर केलं होतं."

विश्वासानं!

ती म्हणाली, "पण सर, एक ओळ छापली नाही म्हणून यंत्र कसं गोठेल? याचा संबंध काय?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर त्या मीटिंगमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस धप, धप आवाज ऐकत दगडावर बसला होता. मग ती थेट माझ्याकडे वळली.

"सर, ती ओळ तुम्ही का घातली होती?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

आणि वर, त्या मऊ आवाजात, "चाचणी थोडी कमी पडली असावी. नवीन आहे, होतं असं." मी तिची बाजू घेतोय असं सगळ्यांना वाटलं. मॅनेजर म्हणाला, "सुरेश, तू फार समजून घेतोस."

मला आजही ज्याचा संताप येतो ते हे. खोटं बोलायला मला कुणी भाग पाडलं नाही. त्यांनी नुसतं, शेवटी हात कुणी लावला, एवढं विचारलं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. ज्यानं पाया कच्चा घातला त्याला कुणी विचारत नाही, ज्याच्या पायाखाली तो खचला त्याला धरतात. हे तर आमच्या वाडीतही करत नाहीत. दोन घरांचं भात मिसळलं तेव्हा शेजाऱ्यांना कुणी बोल लावला नाही. टाळ आधी सुटला होता, एवढं प्रत्येकाला दिसत होतं. पोटासाठी भात लावणाऱ्यांना जे कळतं ते भल्या पगाराच्या आम्हा लोकांना कळू नये? की कळतं, आणि परवडत नाही?

खरी चूक शोधायचं काम माझ्याकडेच आलं. येणारच. पेटी घरी आणली होती. मी खळ्याच्या कडेला बादली ठेवली, सेन्सर तिच्यात सोडला आणि वायर हलवत बसलो. हलव, सोड. हलव, सोड. बाया भारे घेऊन जाताना थांबायच्या.

"काय ओ भावजी, पान्याला ताप आलाय का? थर्मामीटर लावलाय तो?" वहिनी.

"उकळी आली की सांगा, तांदूळ टाकू," दुसरी कुणी.

मध्येच भोंगा बोंबलायचा आणि भाऱ्यांच्या उडवीपाशी बांधलेले बैल दावी ताणायचे. बाळादादा लांबून ओरडायचा, "अरं बंद कर ती तुझी मिल्ट्री!" मी हसायचो. त्या दिवसांत मी खूप हसलो, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

कर्नलमध्ये एक तपासनीस जोडता येतो. परत केलेल्या मेमरीवर तो खूण करून ठेवतो आणि कुणी तिथे पाऊल टाकलं की आरडाओरडा करतो. गंमत अशी की तोही हळू चालतो, म्हणून सुरुवातीला टक्कर होईचना. मी दोन्ही कामं दोन वेगळ्या प्रोसेसरांना बांधली, वेळा मागेपुढे केल्या, वायर हलवत राहिलो. एका दुपारी, जांभळीची सावली पूर्वेला लांबली असताना, पडद्यावर तो अहवाल उमटला. असा अहवाल सगळं सांगतो. हा तुकडा कुणी घेतला, कुणी परत केला, परत केल्यावर कुणी वापरला. तिन्ही ठिकाणी माझेच हात. तिन्ही भाग मी लिहिलेले. स्नेहलचं त्यात काहीही नव्हतं.

दुरुस्ती करायला फार वेळ लागला नाही. तुकडा कुणाकुणाच्या हातात आहे ते मोजत राहायचं आणि शेवटच्यानं सोडल्याशिवाय परत करायचा नाही. एवढंच. ओळ घातली त्या दिवशीही हे करता आलं असतं.

आमच्या कामात दुरुस्तीखाली एक ओळ लिहायची रीत आहे, ही दुरुस्ती कुठल्या बदलातली चूक सुधारते ते सांगणारी. तिथे त्या बदलाची खूण द्यायची. प्रामाणिक रीत आहे, पुढच्यानं मुळापर्यंत जावं म्हणून. माझी बोटं त्या ओळीपाशी थांबली. माझ्या मूळ बदलाची खूण समोर होती, तिच्या बदलाचीही. मी तिची लिहिली. स्वतःला म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या चूक तिच्या बदलानंतरच दिसायला लागली ना? तांत्रिकदृष्ट्या! शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला केवढे शब्द उपलब्ध असतात.

मला शाबासकी मिळाली. पेंढ्यावर लॅपटॉप, शेजारी बादली, मागे झोडणी, असा वहिनीनं काढलेला माझा फोटो मॅनेजरनं कंपनीच्या ग्रुपवर टाकला. "शेतात बसून कर्नल दुरुस्त करणारा आमचा सुरेश!" लोकांनी टाळ्यांची चिन्हं पाठवली. त्याच सुमारास स्नेहलनं राजीनामा दिला. द्यायला लावला म्हणा. मी पुढे त्या विभागाचा प्रमुख झालो.

यंदा वाफे पिवळे पडायला लागले होते तेव्हा एका दुसऱ्या कंपनीतून फोन आला. सभ्य बाई होत्या. स्नेहलनं कर्नलच्या कामासाठी अर्ज केला होता. "आम्हाला ती आवडली आहे, पण त्या भोंग्याच्या प्रकरणाचं कानावर आलं. तुम्ही तिचे वरिष्ठ होता. निष्काळजी आहे का हो ती?"

मी खळ्यावर होतो. त्याच दगडावर. मी म्हणालो, "नाही. निष्काळजी मी आहे." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगितलं. ओळ, विलंब, मंजुरी, खूण. मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहून द्याल का?"

इथे मी शूर झालो असं कुणी समजू नये. लिहायला मला दिवस लागले. मुलीची फी, घराचा हप्ता, पन्नाशीत कोण कामावर घेणार, हे सगळं मी रोज कोयती हातात धरून मनाशी फिरवलं. मग लिहिलं. त्या बाईंना आणि कंपनीतल्या झाडून सगळ्यांना. दुरुस्तीच्या इतिहासात नवी नोंद घातली, की खूण चुकीच्या बदलाची दिली होती, मूळ चूक माझ्या बदलातली.

मॅनेजरचा फोन तासाभरात. "अरे, काय गरज होती? खपली धरलेली, ती कशाला काढतोस?"

"कुणाच्या जखमेवरची?"

"भोंगा वाजतोय ना आता? गावं खूश आहेत ना? मग?" आणि मग खाजगी आवाजात, "तुझ्या या नोंदीमुळे मलाही विचारतील, कळतंय का तुला?"

कळलं. त्याला स्नेहलचं कधीच काही वाटलं नव्हतं, हेही कळलं, आणि मग त्याच्यावर ओरडताना जाणवलं की मी मलाच ओरडतोय. माझ्यावर काय कारवाई करायची ते अजून ठरायचं आहे.

मग स्नेहलला फोन केला. ती आता कुठल्याशा दुकानांच्या बिलांच्या प्रोग्रामची तपासणी करते. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मागे कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करून आली.

"सर, नोकरी सोडल्यावरही मी तो कोड वाचायचे. घरी. रोज. मला वाटायचं, इतरांना कळतंय नि मलाच कळत नाहीये. मला हे कामच समजत नाही, असं मी आईला सांगितलं."

"स्नेहल, मी..."

"तुम्ही 'आठवत नाही' म्हणाला होता."

"हो."

"आठवत होतं?"

"हो."

"माफीबिफी नको सर. माफी दिली की तुम्ही निवांत जेवायला बसाल." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "भोंगा वाजला नाही ते तुमच्या बहिणीचं गाव ना? तुम्ही कौतुकानं सांगायचात. त्यांना काय सांगितलंय माझ्याबद्दल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तिथेही मीच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला तुडीलला गेलो. ताईनं पाट मांडला होता, ताटात निरांजन पेटवलं होतं. भिंतीवरची चिखलाची रेघ केव्हाच चुन्याखाली गेलीये, पण गोठ्यात अजून नवी वासरी आलेली नाही. ती ताट घेऊन समोर आली तेव्हा मी म्हणालो, "ताई, आधी ऐक." आणि पाटावर बसूनच सांगितलं. मेमरी, तुकडा यातलं काही नाही. एवढंच, की ती पोरगी नव्हे. मी. मला ठाऊक होतं. त्या दिवशी तुझी भाकरी खाल्ली तेव्हाही ठाऊक होतं.

ताईनं ताट खाली ठेवलं. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मी तिच्या हातांकडे पाहत होतो.

"तिचा नंबर हाय तुझ्याकडं?"

"आहे."

"लाव. नि फोन माझ्याकडं दे."

रिंग वाजेपर्यंत ती दारापर्यंत गेली होती. "गो पोरी, मी तुडीलची बोलते. सुरेशची भैन," एवढं ऐकू आलं, आणि ती ओट्यावर गेली. दार ओढून घेतलं. निरांजनाची वात तिरकी होऊन धूर काढायला लागली. आतून मेहुण्यांनी विचारलं, "झालं का ओवाळून? वाढायचं का?" मी म्हटलं, "नाही अजून." बाहेरून एकदा ताईचं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं, एकदा हसू. कुणाचं काय बोलणं झालं, मला आजवर माहीत नाही.

ती आत आली. वात पुढे सारली, कुंकू लावलं, तांदूळ डोक्यावर टाकले, ओवाळलं. एरवी ती काहीबाही बोलत ओवाळते. त्या दिवशी नाही. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

"ओवाळलं नाय तं तुझ्या आयुष्याला लागंल," ती म्हणाली. "ते माझ्या हातनं नको." फोन माझ्यापुढे ठेवला. "ती येनार हाय, आईला घेऊन. आईतवारी. मी आग्रेव करून बोलावलंय. भाकरी खाऊ दे तिला माझ्या हातची."

"बरं केलंस."

"त्या दिशी तू येऊ नको."

मी मान हलवली. "मग मी कधी येऊ, ताई?"

ती ताट उचलून आत चालली होती. उंबऱ्यात थांबली, पण वळली नाही.

"बगू," ती म्हणाली.